‘नाही’ची रेघ

गणित टाइप करून देणारी माणसं असतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मी त्यांतली एक. भोसरीत एका वेल्डिंगच्या गाळ्यावरच्या खोलीत माझा संगणक आहे. पॉलिटेक्निकच्या नोट्स, क्लासवाल्यांच्या प्रश्नपेढ्या, कुणाचा तरी वर्षानुवर्षं अडकलेला प्रबंध असं काहीबाही तिथे येत राहतं. खाली ग्राइंडर सुरू झाला की माझं टेबल थरथरतं. आकडे आणि अक्षरं कुणीही टाइप करतं. माझ्याकडे येतात ती कीबोर्डवर नसलेली चिन्हं. उलटा ए, आडवा पडलेला यू, मधोमध काट मारलेलं बरोबरचं चिन्ह. एका यंत्रावर ती नीट दिसतात, दुसऱ्यावर त्यांच्या रिकाम्या चौकटी होतात. चौकट झाली तर निदान काहीतरी गेलं एवढं कळतं. मला भीती वाटते ती गेलेलं न कळण्याची.

माझं वाचन पत्रकांवर झालं. बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे होते. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी बाराखडी गिरवली. ‘संघर्ष’ मला ‘आंबा’च्या आधी लिहिता आला असेल. शब्द छापला की कुठेतरी काहीतरी हलतं, ही समजूत तेव्हापासूनची. बाबांचा कारखाना बंद पडला, युनियनच्या खोलीत मोबाइलचं दुकान आलं, तरी ती माझ्यातून गेली नाही.

चाकणच्या मॅडम माझ्याकडे आल्या तेव्हा ती चांगलीच जागी होती. त्या तिथल्या एका लहानशा प्रशिक्षण केंद्रात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. मराठवाड्यातून, खानदेशातून आलेल्या मुली काही महिने तिथे शिकतात आणि ठेकेदारामार्फत आसपासच्या कंपन्यांत लागतात. बऱ्याच जणी पॉवर प्रेसवर. पत्र्याचा तुकडा साच्यात ठेवायचा, बटण दाबायचं, वरून कित्येक टनांचा दाब येतो आणि गाडीचा एखादा भाग तयार होतो. हात आत राहिला तर प्रेसला पत्रा आणि हात यांतला फरक कळत नाही. तो कळावा म्हणून प्रेसला जाळीचं दार असतं आणि लांब लांब बसवलेली दोन बटणं असतात. या दाराबटणांमागचं गणित मॅडमना मुलींना शिकवायचं होतं, छोट्या पुस्तिकेतून.

“आणि अक्षरं मराठी हवीत,” त्या म्हणाल्या. “अगं, ए आणि बी दिसलं की माझ्या मुली मिटतात. नंतर शिकवीन ना ए-बी. आधी आपल्या अक्षरात कळू दे.”

मी जवळजवळ उठूनच उभी राहिले. इतक्या वर्षांत मराठी अक्षरांतलं गणित मागणारं कुणी आलं नव्हतं. क्लासवाले तर उलट सांगायचे, जमेल तेवढं इंग्रजी ठेवा, पालकांना भारी वाटतं. मला त्याचा संताप यायचा. ज्या यंत्रावर आपली बोटं ठेवायची, त्याचं म्हणणं आपल्या भाषेत कळू नये, यात कुणाची तरी सोय असते.

गणित साधं होतं. ह म्हणजे दोन्ही हात बटणांवर आहेत. द म्हणजे दार उघडं आहे. प म्हणजे प्रेस चालते. एखाद्या अक्षराच्या डोक्यावर आडवी रेघ दिली की त्याचा अर्थ उलटा होतो. द वर रेघ म्हणजे दार उघडं नाही. तर पहिल्या पानावरचं समीकरण असं: प बरोबर ह, त्याला जोडून द, आणि द वर रेघ. दोन्ही हात बटणांवर असतील आणि दार उघडं नसेल, तरच प्रेस चालेल. कंपनीत प्रेसच्या विजेच्या पॅनेलवर जो तक्ता चिकटवलेला असतो त्यातही हीच रेघ असते, म्हणून मॅडमना दुसरं कुठलं चिन्ह चालणार नव्हतं.

मी ते बसवलं, बघितलं, पाठवून दिलं. मॅडमनी वर्गात मुलींच्या फोनवर टाकलं आणि मला फोन लावून स्पीकरवर ठेवला. मागे हसण्याचा नुसता गलका.

“ऐक, काय म्हणतायत बघ. सांग गं, मोठ्यानं सांग.”

“ताई,” एक खणखणीत आवाज आला, “इथं लिहिलंय प बरोबर हद. ही तर हद्दच झाली की!”

पुन्हा हशा. मीही हसले. मग तोच आवाज, या वेळी न हसता: “पण ताई, दार उघडं असताना प्रेस चालवायची का?”

मी फाइल मोठी करून पाहिली. रेघ होती. मी दिलेली रेघ द च्या शिरोरेघेवर जाऊन बसली होती आणि तिच्यात मुरली होती. फोनच्या पडद्यावर तर द जरासा जाड दिसत होता, इतकंच. मला ती दिसली होती, कारण ती तिथे आहे हे मला माहीत होतं. ज्यांच्या अक्षरांचं डोकं मोकळं आहे त्यांनी डोक्यावर रेघ मारून नाही म्हणायची पद्धत पाडली, सॉफ्टवेअरही त्यांच्याच उंचीनं बेतलं. आमचं अक्षर मुळात रेघेखाली लटकलेलं. त्याच्यावर ‘नाही’ लिहिलं तरी ते ‘होय’सारखंच दिसतं. मराठीचा झेंडा मीच नाचवत होते आणि त्या झेंड्याखाली मी लिहून ठेवलं होतं, की दार उघडं असू द्या.

पुढचे काही दिवस त्या एका रेघेत गेले. अक्षर आणि रेघ यांच्यामध्ये न दिसणारी उभी काठी घालता येते. तिला जाडी नसते, फक्त उंची असते. ती रेघेला वर ढकलून धरते. तशी काठी प्रत्येक ठिकाणी घातली. रेघ अक्षराहून थोडी आखूड केली, म्हणजे ती शिरोरेघ वाटणार नाही. ह आणि द यांच्यामध्ये ठळक टिंब दिलं, म्हणजे त्यांचा शब्द होणार नाही. हे जमलं तोवर मुलींनी समीकरणं फाइलमधून उचलून एकमेकींना व्हॉट्सॲपवर पाठवायला सुरुवात केली होती. तिथे रेघ द च्या शेजारी एका तुटक ठिपक्यांच्या गोलावर जाऊन बसायची, नाहीतर सरळ गळायची. शेवटी मी प्रत्येक समीकरणाचं चित्र केलं. चित्रातून काही उचलता येत नाही आणि काही गळतही नाही.

राजगुरुनगरच्या छापखानेवाल्याला मी बजावलं, फाइलला हात लावायचा नाही, आहे तशी छापायची.

“चिन्हंच आहेत ना ताई? एवढं काय त्यात?”

“एक रेघ पडली तर बोटं पडतील भाऊ.”

तो हसला. मी ते ठसक्यात म्हटलं होतं, पत्रकातल्या वाक्यासारखं. पुस्तिका निर्दोष निघाली. मी ती बाबांना दाखवली, त्यांनी चष्मा वर करून रेघेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, “छान. कुणाचं नाव दिसत नाही कुठे?” मी म्हटलं, गणिताला नाव कशाला.

मुली कामाला लागल्या. काही महिन्यांनी, पुढच्या तुकडीसाठी दुरुस्त्या विचारायला मी चाकणला गेले असताना, वर्गाच्या दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. परभणीकडची. तिनं तोंड उघडलं आणि मी आवाज ओळखला. हद्दवाली. निघोज्याजवळच्या एका कारखान्यात प्रेसवर लागली होती.

“ये गं. कशी आहेस?” मॅडम म्हणाल्या.

“बरी हाय. मॅडम, ते पुस्तक...” तिनं पिशवीतून पुस्तिका काढली. दुमडून दुमडून तिचे कोपरे गोल झाले होते. “ह्याच्यात सगळं बरोबर हाय. पण आमच्या प्रेसवर दाराचं स्विच तारेनं बांधून ठिवलंय. डाव्या हाताचं बटण टेपनं दाबून टाकलंय. दार उघडंच असतंय. उजव्यानं बटण मारायचं, डाव्यानं पत्रा सरकवायचा.”

“कुणी बांधलं?”

“मी लागायच्या आधीपासून हाय. सुपरवायझर म्हणतो, दार लावत बसलं की दिवसाच्या नगांचा काउंट येत न्हाई.”

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. मशीनच्या लेखी दार बंद होतं आणि दोन्ही हात बटणांवर होते. समीकरण तंतोतंत पाळलं जात होतं. मी ज्या रेघेसाठी डोळे फोडले होते, तिला तिथे कुणी खोडलं नव्हतं की चुकवलं नव्हतं. तिला तारेनं बांधून ठेवलं होतं.

“आपण पत्रक काढू,” मी म्हणाले. “फोटो टाकू. कारखान्याच्या नावानिशी. गेटवर मी स्वतः वाटते.”

“आणि फोटो कुणी काढला म्हणून पहिली कुणाला धरतील?” मॅडमनी विचारलं.

मी मुलीकडे पाहिलं. ती पुस्तिकेचा कोपरा सरळ करत होती. “पत्रक नगं ताई,” ती म्हणाली. “मी आधी बोलून बघते.”

ती बोलली. पुढल्या आठवड्यात मॅडमना फोन आला, मग मॅडमचा मला. मुलगी शिफ्टला गेली, प्रेससमोर उभी राहिली आणि म्हणाली, तार काढा, मग चालवते. सुपरवायझरनं आधी चेष्टेवर नेलं, “ए ताई, पुस्तक वाचायला आलीस का काउंट द्यायला?” शेजारच्या बाया हसल्या. ती हलली नाही. मग त्यानं ठेकेदाराला बोलावलं, ठेकेदार तिला बाजूला घेऊन गोड बोलला, आज घरी जा, डोकं शांत कर, उद्या ये. दुसऱ्या दिवशी गेटवर तिनं कार्ड लावलं, लाल दिवा लागला. पुन्हा लावलं. मागे रांग होती. वॉचमन म्हणाला, “सरक ना पोरी.” तिला काढल्याचा कागद कुणी दिला नाही.

त्याच दुपारी मी पत्रक लिहायला बसले. इतकं सरळ काही मी कधी लिहिलं नव्हतं. एकही विशेषण नाही. बाबा मागे येऊन उभे राहिले, वाचलं, आणि एवढंच विचारलं, “तिच्या जागी कोण लागलं?”

मला माहीत नव्हतं. मी तिला फोन केला.

“रूममधलीच,” ती म्हणाली. “माझ्या शेजारी झोपते ती. त्याच प्रेसवर. ताई, छापू नका. माझं तर गेलंच. पण त्यांना कळणार हे आमच्याच रूममधून आलं. तिला काढतील. तिच्या भावाची फी हाय.”

“आणि तिचा हात?”



मी पत्रक छापलं नाही. आजवर पत्रक न काढणाऱ्यांना मी भित्रे म्हणत आले होते. एक निनावी तक्रार तेवढी सरकारी कचेरीत केली. तपासणी झाली असं कळलं. त्या दिवशी तार निघाली होती, दार लागलं होतं, दोन्ही बटणं मोकळी होती. संध्याकाळच्या शिफ्टला सगळं पुन्हा जागच्या जागी. तपासणीची खबर आत आधीच कुणी दिली ते मला सिद्ध करता येणार नाही. मात्र पुढच्या तुकडीसाठी पुस्तिका छापायला टाकायचा दिवस आला तेव्हा मला फाइल उघडवेना. मॅडम म्हणाल्या, “उघड. त्यांना हे येऊच नये असं तर नाही ना वाटत तुला?” मी उघडली. पण आता माझ्याकडे कुणी मराठी अक्षरांतलं गणित घेऊन आलं, तर मी उठून उभी राहत नाही.

मुलगी परभणीला परत जाणार होती. गेली नाही. मी एकदा निघोज्याला तिच्या खोलीवर गेले, दुसरीकडे काम बघू म्हणून सांगायला. पत्र्याची खोली, मुलींनी भाड्यानं घेतलेली. ती दाराशी बसून मेथी निवडत होती.

“इथं बसून काय करतेस मग दिवसभर?”

“स्वयंपाक करते समद्यांचा. ती आली की मग जरा झोपते.”

पहिली शिफ्ट सुटायची वेळ होत आली होती. ती बोलत होती, पण बाहेर रस्त्यावर बस थांबली की वाक्य अर्धं राहायचं. नोकरीचं मी सांगितलं, तिनं मान डोलावली. ते तिच्या कानापर्यंत पोचलं असेल असं मला वाटत नाही.

मग ती दुसरी आली, हिच्या जागी प्रेसवर लागलेली. बारीक, उंच, ओढणी कमरेला बांधलेली. डबा खाली ठेवून मोरीशी बसली आणि कोपरापर्यंत हात धुऊ लागली. तेलाचे काळे ओघळ मोरीत वाहत होते. ही मेथी निवडायची थांबली होती आणि नुसती बघत होती.

“काय बघतीस?” दुसरी मागे न वळता म्हणाली. “रोजचं काय बघायचंय त्यात? दहाच्या दहा हायेत.”

हिनं खाली बघून पुढची काडी हातात घेतली.