आत्तीच्या कपाळावरच्या रेघा

मी चौथीत असताना आप्पांनी माझ्या आत्तीच्या नवऱ्याला त्याच्याच अंगणात बडवून काढलं. ते मी जीपच्या मागच्या सीटवर उभी राहून सगळं बघितलं, आणि मला ते फार आवडलं.

आप्पा म्हणजे माझे वडील. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत होती. आत्ती त्यांची धाकटी बहीण, ती त्यांना अण्णा म्हणायची; तिला बिद्रीजवळच्या एका गावात दिली होती. तिच्या नवऱ्याला मी मामा म्हणायचे. त्याची शेती होती, उसाच्या हंगामात ट्रॅक्टर चालायचा. त्या उन्हाळ्यात मी सुट्टीला तिच्याकडे राहायला गेले होते. एका दुपारी ती मळ्यातली पाण्याची मोटार बंद करायला विसरली आणि पाणी शेजाऱ्याच्या शेतात गेलं. एवढंच झालं होतं. नवऱ्यानं ट्रॅक्टरचा जुना रबरी पट्टा खुंटीवरून काढला. आत्ती पळाली नाही, ओरडलीही नाही. पट्टा वर जायच्या आधीच तिचा चेहरा गोळा झाला. डोळे गच्च मिटले, कपाळाला आठ्या पडल्या, भुवयांच्या मध्ये कातडी खोल दुमडली. मग पट्टा बसला. पाठीवर, दंडावर, एकदा कानशिलावर. चेहरा आधी आवळायचा, मग आवाज यायचा. दोन्हीमध्ये किती वेळ जातो हे मला त्या सुट्टीत पाठ झालं, कारण ते तीनदा झालं.

आप्पा मला न्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर तालमीतले दोघं मित्र होते. जीपमध्ये चढतानाच मी सांगितलं, "आप्पा, मामा आत्तीला पट्ट्यानं मारत्यात." आप्पांनी हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं आणि परत अंगणात गेले.

पहिला ठोसा नाकावर बसला. तो माणूस गोठ्याच्या दगडी पायरीवर आपटला. त्याला गळ्याला धरून उठवला, परत पाडला. मित्रांना हात लावावाच लागला नाही, ते नुसते भावकीला अडवून उभे राहिले. एक दात मातीत पडला. तो टिपायला एक कोंबडी धावली हे मला अजून दिसतं. शेवटी आप्पांनी त्याच्या छातीवर पाय ठेवला.

"माझ्या भनीच्या अंगाला परत हात लावलास तर हात ठेवणार न्हाय तुझा. कळलं काय?"

आत्ती दारात उभी होती. आप्पा तिला म्हणाले, "बस गाडीत."

"कापडं घेऊ?"

"काय नको तिथलं. बस."

शाळा सुरू झाल्यावर मी ही गोष्ट वर्गात कितीतरी वेळा सांगितली. दर वेळी ठोसे वाढत गेले.

आत्ती मग आमच्याकडेच राहिली. मागच्या खोलीत तिनं शिलाई मशीन टाकलं आणि शाळेचे गणवेश शिवायला लागली. आप्पा तिला काही कमी पडू देत नव्हते, पण मंडईत जायचं तरी त्यांना विचारून, बायकांच्या भिशीला जायचं तरी विचारून. एकदा न विचारता गेली तर त्यांनी तिचं ताट भिंतीवर फेकलं. आमटी खाली ओघळत राहिली आणि आत्ती फडकं घेऊन पुसत बसली. आई मला म्हणाली, "तिच्या बऱ्यासाठीच हाय." मीही तसंच धरून चालले.

बारा-तेरा वर्षं गेली. मी डी. फार्म. केलं आणि शाहूपुरीतच एका मेडिकलच्या दुकानात लागले. वरच्या मजल्यावर त्वचारोगाच्या एका डॉक्टरीण बाईंचा दवाखाना होता. एके दिवशी आत्ती दुकानात आली. कुठल्याशा अर्जासाठी तिनं फोटो काढून घेतले होते. तिनं पाकीट काउंटरवर ठेवलं.

"फोटोवाला म्हनला, आज्जी, कपाळ ढिलं सोडा की जरा. बेचाळीसची हाय मी. आज्जी!"

मी फोटो बघितला. कपाळावर तीन आडव्या रेघा, डोळ्यांच्या कडेला जाळं आणि भुवयांच्या मध्ये ती उभी घडी. आई तिच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी होती, पण फोटोत आत्तीच थोरली दिसत होती.

"ह्याच्यावर काय औषध असतंय का गं?" तिनं विचारलं, आणि लगेच, "न्हाय तर र्‍हाऊ दे."

मी तिला वर घेऊन गेले. बाईंनी भिंग लावून चेहरा बघितला. गालाच्या हाडावर जुन्या माराचा उंचवटा लागला तिथं त्यांचं बोट थांबलं, मग पुढं गेलं. म्हणाल्या, "कातडीच्या आत कोलॅजन नावाचे धागे असतात. ते कातडीला ताणून धरतात. वयानं, उन्हानं ते तुटतात, आणि चेहरा वर्षानुवर्षं एकाच जागी आवळला की तिथं घडी बसते. हल्ली पेप्टाइडची क्रीम आली आहेत. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचे अगदी बारके तुकडे. धागा तुटला की असेच तुकडे सुटतात. ते लावले की कातडीला वाटतं, इथं काहीतरी मोडलंय, आणि ती नवीन धागे करायला लागते."

आत्ती लक्ष देऊन ऐकत होती. "म्हंजे मोडल्याची खबर लागली की दुरुस्तीला लागतंय? आमच्या मान्सांपरास शाणं की मग."

बाई हसल्या. "पण सावकाश. तीन महिने तरी धरा. बारीक रेघा कमी होतील. ही मधली घडी पुसट होईल, जाणार नाही. आणि सकाळी उन्हाचं क्रीम लावल्याशिवाय बाहेर पडायचं नाही, नाहीतर एकीकडं शिवायचं आणि दुसरीकडं उसवायचं, असं होईल."

ट्यूब मीच घरी नेली. आत्तीनं ती मशीनच्या खणात, रिळांच्या डब्यामागे ठेवली. झोपायच्या आधी तोंड धुवायची आणि हरभऱ्याएवढं क्रीम घेऊन कपाळापासून डोळ्यांच्या कडेपर्यंत चोळायची. पहिला दीड महिना काहीच दिसलं नाही. "नुसतं लोणी फासल्यागत वाटतंय," म्हणायची. दहाव्या आठवड्याच्या सुमाराला मी चहा देताना थबकले. डोळ्यांच्या कडेचं जाळं विरळ झालं होतं. कपाळाच्या रेघा होत्या, पण वर आल्यासारख्या, उथळ. मधली घडी तशीच. तिनं मशीनवर एक छोटा आरसा लावला होता. दोरा ओवता ओवता त्यात बघायची आणि मला दिसू नये म्हणून मान वळवायची.

मेच्या शेवटी कबनूरला पाहुण्यांकडे लग्न होतं. दुपारच्या पंगतीत एक म्हातारी नातेवाईक आत्तीची हनुवटी धरून मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, तरणी दिसाय लागलीस की! दुसरं लगीन काढलंय काय?"

बायका हसल्या. पलीकडच्या पंगतीत आप्पा जेवत होते. पुरुषही हसले. आप्पांनी पान अर्धं टाकून हात धुतला.

घरी आलो तेव्हा पाच वाजले असतील. शाळा उघडायच्या होत्या, गणवेश द्यायचे होते, म्हणून आत्ती कपडे बदलून फ्रॉकच्या चुण्यांना इस्त्री करायला बसली. मी शेजारी बसून बटणं लावत होते. आप्पा आत आले आणि सरळ मशीनचा खण ओढला. रिळं जमिनीवर गडगडत गेली. ट्यूब त्यांच्या हातात आली.

"हे काय हाय?"

"मलम हाय."

"कशाचं?"

"सुरकुत्यांचं."

"कुनाला दावायचंय त्वांड?"

"कुनाला न्हाय, अण्णा. माझं मलाच."

त्यांनी हात उचलला, आणि मी तिचा चेहरा बघितला. हात पोचायच्या आधीच तो गोळा झाला. डोळे गच्च, कपाळ आवळलेलं, मधली घडी खोल. दहा आठवड्यांत जे पुसट झालं होतं ते सगळं एका क्षणात वर आलं. मी चौथीत बघितलेला चेहरा.

थप्पड बसली. मग त्यांनी तिचे केस धरून डोकं मागं ओढलं, ट्यूब तिच्या तोंडावर पिळली आणि तळव्यानं घासायला लागले. डोळ्यांत, नाकात, ओठांत. "लाव! लाव की! मिरव!" मी त्यांच्या हाताला लोंबकळले. त्यांनी मला झटकलं, मी कपाटावर आपटले आणि मनगटातून कळ डोक्यापर्यंत गेली. आई दारात "अहो, सोडा, मरंल ती" म्हणून ओरडत होती, पण आत येत नव्हती. आत्तीचं डोकं मशीनच्या लोखंडी कडेवर आदळलं. भुवई फुटली. पांढऱ्या क्रीममधून रक्त खाली आलं आणि दोन्ही मिसळून फ्रॉकवर गळायला लागलं.

तिचे डोळे क्रीमनं बंद होते. हात चाचपडत टेबलावर गेला आणि इस्त्री त्या हाताला लागली. तिनं ती उचलून आप्पांच्या उघड्या दंडावर टेकवली. टेकवली आणि दाबून धरली. चुर्र आवाज आला. आप्पा गुरासारखे ओरडले आणि गुडघ्यावर बसले, तरी तिनं लगेच काढली नाही. खोलीत जळक्या केसांचा आणि मांसाचा वास पसरला.

मग तिनं इस्त्री उचलली, पदरानं डोळे पुसले. श्वास लागला होता.

"अण्णा, परत हात लावलास तर तोंडाला लावीन."

इथं खरं सांगायचं तर मला त्या वासानं किळस आली नाही. बरं वाटलं. चौथीत जीपच्या सीटवर उभं राहून वाटलं होतं तसंच. नंतर कित्येक दिवस याच गोष्टीनं माझी झोप उडाली.

मी रिक्षा आणली. डॉक्टरीण बाईंनी आत्तीच्या भुवईला पाच टाके घातले. "कसं लागलं?" म्हणून विचारलं. बिद्रीला असताना ती दर वेळी "न्हाणीत पडले" असं सांगायची. आज तिनं सांगितलं, "भावानं मारलं. मी त्याला इस्त्री लावली."

"पोलिसांत जायचंय का?"

"न्हाय. खोली बघायची हाय."

दोन दिवसांत खोली मिळाली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. हातगाडीवर मशीन चढवलं तेव्हा आप्पा दंडाला पट्टी बांधून बाहेरच्या सोप्यात बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. आईनं मात्र सगळ्यांसमोर बाहेर येऊन आत्तीच्या हातात जेवणाचा डबा दिला. पुढं रोज दिला.

त्याच आठवड्यात आप्पांनी मला विचारलं, "ती ट्यूब तू आनलीस?"

"व्हय," मी म्हणाले. माझ्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. त्यांनी ते बघितलं आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

जखम भरल्यावर आत्तीनं परत क्रीम सुरू केलं. भुवईवरच्या वणावरही ते चालेल का, असं तिनं बाईंना विचारलं. बाई म्हणाल्या, त्यावर ते फारसं काम करत नाही, व्रणासाठी दुसरं देते. दुसरं तिनं घेतलं नाही. पेप्टाइड वर्षभर लावलं. चेहरा खरंच उजळ, सैल दिसायचा. मग एक दिवस कंटाळली. "रोज रोज कोन फासतंय?" लावायचं थांबवल्यावर बारीक रेघा हळूहळू परत आल्या. बाईंनी तसं आधीच सांगितलं होतं. मधली घडी मात्र पहिल्याएवढी खोल कधी झाली नाही. ते क्रीममुळं की वेगळं राहिल्यामुळं, हे मला सांगता येणार नाही. औषधं विकते, पण एवढं मला कळत नाही.

आप्पा दोन वर्षांनी तिच्या दारात गेले. मी तिथंच होते, गणवेश मोजून बांधत होते. त्यांच्या हातात फडक्यात बांधलेली गुळाची ढेप होती. उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

"खोली गळतीया का पावसात?"

"न्हाय."

"बरं हाय."

आत्तीनं स्टूल बाहेर टाकलं. चहा दिला. ते फुंकून फुंकून प्यायले. "चल घरी," म्हणाले. "न्हाय येत," ती म्हणाली. त्यांनी कप खाली ठेवला आणि गेले.

मी विचारलं, "माफी मागायला आलते काय गं?"

"न्हाय मागितली. मी बी न्हाय मागितली," ती म्हणाली, आणि मला गठ्ठ्याची दोरी नीट धरायला सांगून गाठ मारायला लागली.