खंडोबाच्या माळावरच्या पिवळ्या चिमण्या

पन्नासच्या दशकात पिंपरीच्या एका औषध कारखान्यात रसायनतज्ज्ञ असलेल्या गृहस्थांची मुलगी मला पसंत होती, तिला मी पसंत होतो. प्रश्न वडिलांचा होता. त्यांना पक्ष्यांचं वेड होतं आणि ते प्रत्येक स्थळाला एकदा रानात नेत. आधीच्या एकाने होल्याला कबूतर म्हटलं होतं. इंजिनिअर, घरची बागायत. तरी त्याला जेवायलाही थांबवलं नाही.

मी पुण्यातल्या एका दैनिकात बातमीदार होतो. आमची पत्रिका उत्तम जुळली होती, पण पत्रिकेत पक्षी नसतात. मुलीने आधीच बजावून ठेवलं होतं.

"ते रानचिमणी विचारतील. घरच्या चिमणीसारखीच दिसते, पण पाठ कोरी असते, रेघा नसतात. पंखावर पांढरे पट्टे. नराच्या गळ्यावर पिवळा ठिपका. आणि हे बघा, बाबा जे म्हणतील त्याला हो म्हणा."

रविवारी सकाळी तिचे वडील आणि मी सायकलींवरून आकुर्डीला खंडोबाच्या माळावर गेलो. देवळासमोर चिमण्यांचा थवा उतरला होता. त्यांनी लढाईनंतर लिलावात घेतलेली दुर्बीण डोळ्यांना लावली.

"पिवळा गळा! अहो, एक नाही, सगळ्याच! बघा, आणि सांगा काय ते."

मी पाहिलं. गळे पिवळे होते, यात वाद नव्हता. पाठींवर मात्र ठळक रेघा होत्या. एकीचं पोटही पिवळं होतं, एकीची शेपटीसुद्धा. देवळासमोर कुणीतरी उधळलेला भंडारा तसाच पडून होता आणि त्यातलं खोबरं टिपायला आलेल्या चिमण्या हळदीत यथेच्छ लोळत होत्या.

हो म्हटलं की लग्न ठरत होतं.

"रानचिमणी ना?" त्यांनी विचारलं.

"घरचीच चिमणी. भंडारा लागलेली."

"तुम्ही पक्षी बघायला आलात की देवदर्शनाला?"

"पाठीवर रेघा आहेत."

"उन्हाची तिरीप आहे ती!"

तेवढ्यात देवळामागून एक कुत्रं आलं. गळ्यापासून शेपटीपर्यंत पिवळं. ते आळस देऊन भंडाऱ्यात पसरलं. चिमण्या जरा बाजूला सरकल्या. गृहस्थांनी दुर्बीण त्याच्यावर रोखली आणि बराच वेळ खाली घेतली नाही.

"यालाही पिवळा गळा आहे," मी म्हणालो. लग्न गेलंच होतं, त्यामुळे संकोच उरला नव्हता.

परतताना चिंचवडला त्यांनी सायकल थांबवली.

"हे पेपरात येणार का?"

"अजून ठरवलं नाही."

"घरच्या माणसाची बातमी कुणी छापतं का?"

"नाही छापत."

"मग मुहूर्त बघायला घ्या. दुर्बीण मात्र मागायची नाही."

दोघांनीही शब्द पाळला. लग्नाच्या कार्यालयात बायकांनी हळद लावून माझा गळा पिवळा केला, तेव्हा सासरे मुद्दाम जवळ आले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी मला नीट न्याहाळलं आणि माझ्या थोरल्या भावाला म्हणाले, "सदरा काढा याचा. पाठीवर रेघा आहेत का ते बघू."