नरखेडचं वळण

आगगाडी रुळांवरून घसरली की ज्याचा चेहरा उजळतो, असा माणूस साऱ्या हिंदुस्थानात एकच झाला असेल, आणि तो नेमका माझा सासरा निघाला. गाडी अर्थात खेळण्यातली. पण हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारणारा जावई दिवाळसणाला भरल्या ताटावरून उठवला गेला असता. ऑस्ट्रेलियाला निघालेल्या, नागपूरच्या अजनीतल्या एका अँग्लो-इंडियन गार्डाकडून त्यांनी ती विकत घेतली होती आणि बैठकीच्या चारही भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या ठोकून तिचे रूळ टाकले होते. नोकरी सरकारी छापखान्यातली. खरं तर जायचं होतं रेल्वेत, पण तांबडा आणि हिरवा रंग वेगळा ओळखता येईना म्हणून डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, आणि त्याचा सूड त्यांनी घरावर उगवला. खिडकीपाशी नरखेड स्टेशन, स्वयंपाकघराच्या दारात काटोल. काटोलची फळी उचलल्याशिवाय आत जाता येत नसे आणि गाडी यायची असली की ते ती उचलू देत नसत. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मालगाडी जाईपर्यंत मी दाराशी उभा होतो आणि आत वरण निवत होतं.

गाडी घसरली की घरातल्यांनी जागच्या जागी थांबायचं. पडलेल्या डब्याला कोणी हात लावायचा नाही. आधी खडूने खूण, मग जबाब. "आता इथून कोण चालून राहिलं होतं?" असा त्यांचा करडा आवाज आला की माझी बायकोसुद्धा गुन्हेगारासारखी उभी राही. मग तपासणी सुरू होई. रुळांच्या सांध्यांवरून नख फिरवायचं, पोस्टकार्डाच्या कापलेल्या तुकड्याने चाकांमधलं अंतर पाहायचं, एकेक डबा हाताने ढकलायचा, डबे पुढचे मागे जोडायचे, तरी उमज पडली नाही तर गाडी उलटी चालवायची. कधी चाकात मांजराचा केस निघे, कधी रुळावर चिवड्याचा दाणा. दाणा निघाला की ते अत्यंत आदराने माझ्याकडे वळत. "जवाईबापू, आमच्याकडे चिवडा बशीत खातात." कारण सापडलं की मात्र स्वारी इतकी खूश होई की आरोपीला स्वतःच्या हाताने चहा करून देत.

मग एका मे महिन्यात सासूबाई हृदयाच्या दुखण्यातून उठून इस्पितळातून घरी आल्या. उन्हाचा त्रास अजिबात होता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सासऱ्यांनी कूलर आणला, बैठकीच्या एकुलत्या एक खिडकीत बसवला आणि सासूबाईंचा पलंग समोर आणला. दुसरी खोली टिनाच्या छपराची, तिथे दुपारी पापड भाजून निघाले असते. त्याच आठवड्यापासून गाडी नरखेडच्या वळणावर पडायला लागली.

"अवो, पडली वाटते," पलंगावरून सासूबाई म्हणत.

"पडली नाही, घसरली. तू झोप."

सुरुवातीला सासरे मजेत होते. मग त्यांची भूक मंदावली. त्यांनी वळण सैल केलं, रूळ बदलले, कूलरच्या वाऱ्याने डबे उलटत असतील म्हणून पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, मांजराला शेजारी पाठवलं, माझा जबाब पुन्हा घेतला. गाडी पडतच राहिली. शेवटी सुताराकडची पाणसळ आणून फळीवर ठेवली, तर तिच्यातला बुडबुडा थेट एका टोकाला पळाला. त्यांनी फळीखालून हात फिरवला, तो ओला झाला. कूलरच्या तुषारांनी प्लायवूड फुगलं होतं आणि सबंध नरखेड स्टेशन, काड्यापेट्यांपासून केलेल्या संत्र्याच्या पेट्यांसकट, वर उचललं गेलं होतं. फळी नवी टाकली तरी हेच होणार, हे आम्हा सगळ्यांनाच कळलं. कूलर तरी चालेल, नाहीतर गाडी.

"बंद करा तो कूलर," सासूबाई म्हणाल्या. "मले पंखा पुरते. तुमचा जीव त्या गाडीत आहे."

सासऱ्यांनी इंजिन उचललं आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. त्यांना कारण सापडलं होतं, पण त्या दिवशी चहा कोणालाच मिळाला नाही. "काहून बंद करू?" ते म्हणाले. "उन्हायात गाड्या रद्द होतच राहतात." लगेच पुठ्ठ्यावर सुबक अक्षरांत 'नरखेडमार्गे सर्व गाड्या रद्द' असं लिहून त्यांनी तो भिंतीवर टांगला. तेव्हापासून दर वर्षी होळी झाली की मृग लागेपर्यंत लाइन बंद. दुपारी ते पलंगाशेजारच्या खुर्चीत बसत आणि न चालणाऱ्या गाडीची खबर सासूबाईंना देत राहत. काटोल यायच्या आत सासूबाईंचा डोळा लागलेला असे. इतका हट्टी माणूस इतक्या मुकाट्याने हरलेला मी दुसरा पाहिला नाही, आणि त्या हरण्यामुळेच ते मला फार आवडू लागले.

पुढे एका हिवाळ्यात सासूबाई गेल्या. त्यानंतरच्या मे महिन्यात आम्ही नागपूरला गेलो, तेव्हा घर इतकं गप्प होतं की मलाच राहवेना. मी म्हणालो, नवी फळी मी ठोकून देतो, आता कूलरची तशी गरज नाही, गाडी सुरू करा. जेवण झाल्यावर ते उठले, बादलीने कूलरमध्ये पाणी भरलं, बटण दाबलं आणि रिकाम्या पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"राहू द्या, जवाईबापू," थोड्या वेळाने म्हणाले. "उन्हाया आहे अजून."