उन्हाळी नव्हती ती

आमच्या वऱ्हाडात बाईमाणसाला लघवीची जळजळ झाली की तिला एकच नाव, उन्हाळी. ऊन लागलं, गर्मी झाली, बस. मीही तेच धरून बसले. थंडी पडून स्वेटर निघाले तरी माझी उन्हाळी जाईना, तेव्हा तरी मला शंका यायला पाहिजे होती.

ओटीपोटात ठणकायचं. जाऊन आलं की घडीभर बरं, मग पुन्हा सुरू. घरात कसंही निभायचं. खरी अडचण अमरावतीची होती. माझी धाकटी बहीण तिथं राहते. अर्धांगाच्या झटक्यानंतर तिचं घराबाहेर पडणं बंद झालं. मी अकोल्याहून एसटीनं जायची, तिची वेणीफणी करायची, दोघी पोटभर बोलायचो. ते थांबलं. एकदा मूर्तिजापूरच्या स्टँडवर उतरले, येईस्तोवर बस गेली, माझ्या पिशवीसकट. पुढच्या खेपेला कंडक्टरला सांगून मधेच गाडी थांबवली, तुरीच्या वावरात बसले. परत चढले तर सगळी गाडी माझ्याकडे बघून राहिलेली. त्यानंतर तिकीटच काढलं नाही.

बहीण फोनवर रुसायची. "तुले तं पाय आहेत ना ताई? माह्याच्यानं येणं होते काय? विसरली तू मले."

मग एक दिवस खरं सांगितलं. ती घाबरली, आणि लगेच इलाज सुरू. वरुडकडे तिच्या सासरचा बगीचा आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती संत्री यायला लागली. "संत्रं थंड असते, ताई. दिवसभर खात जाय." मोसम नसला की लिंबाचं सरबत. आजाऱ्याला भेटायला येणाराही आमच्याकडे संत्रीच आणतो. मी इमानानं खाल्ली. दुखणं वाढलं, तसतशी संत्रीही वाढली.

डॉक्टरही झाले. लघवी तपासायची, जंतू निघायचे नाहीत, तरी जंतूंच्या गोळ्या. एक जण म्हणाले, रिपोर्ट नॉर्मल आहे, कशात तरी मन रमवा. आता मन रमवायचं कुठं, संडासात?

शेवटी सुनेनं मला अकोल्यातच लघवीच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईकडे नेलं. तिनं पहिलाच प्रश्न विचारला, "काकू, दुखतं कधी? लघवी करताना, की साठत जाते तसं?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलंच नव्हतं. "साठली की दुखते. करून आलं की हलकं वाटते."

मग पुन्हा तपासण्या झाल्या. भूल देऊन तिनं दुर्बिणीनं आतून पाहिलं. खडा नाही, गाठ नाही. मूत्राशयाचं आतलं अस्तर तेवढं हुळहुळं झालेलं. आजाराचं नाव लांबलचक होतं. मी म्हटलं, माझ्यासारखीला कळंल असं सांगा. "दुखरं मूत्राशय म्हणा," ती म्हणाली. "पुरतं बरं होईलच असं नाही सांगत, पण ताब्यात ठेवता येतं." मला तेवढंही पुष्कळ होतं. निदान दुखणं खरं आहे, हे तरी कुणी म्हटलं.

मग तिनं खाणंपिणं विचारलं. मी सांगत गेले. चहा, ठेचा, आणि औषध म्हणून संत्री, लिंबू.

"औषध? कुणी सांगितलं?"

"सगळ्यांनीच."

ती हसली नाही. म्हणाली, "सगळ्यांनाच आंबट बाधतं असं नसतं. पण तुम्ही महिनाभर हे सगळं बंद करून बघा. मग एकेक सुरू करू, कशानं दुखतं ते कळेल."

रात्री घ्यायची एक बारकी गोळी दिली. सुनेनं वाचलं तर ती उदासपणावरची. मी म्हटलं, म्हणजे हीसुद्धा मनाचंच म्हणते काय? पण डॉक्टरीणबाई म्हणाली, थोड्या मात्रेत ही दुखऱ्या नसा शांत करते. बारीक नळीनं मूत्राशयात औषध सोडायची, त्याची आधी लाज वाटली, मग सवय झाली. कळ आली की लगेच धावायचं नाही, जमेल तेवढं थांबायचं, हेही शिकवलं. सगळ्यात जड गेला तो चहा.

महिन्यानं एक संत्रं खाऊन पाहिलं, त्याच रात्री ठणका उठला. आता संत्र्याचं बहिणीला सांगणं आलंच. "माह्या संत्र्यानं दुखलं म्हणते? अख्खं गाव खाते!" ती तणतणली. नंतर हळूच म्हणाली, "मंग मीच तुले दुखवून राहिली होती काय वं?"

"हाट! मले तरी कुठं मालूम होतं?"

हळूहळू दोन कळांमधला वेळ वाढला. एका सकाळी मी सुनेला न सांगता पिशवी भरली. मूर्तिजापूरला उतरून आले, पण धावत नाही, चालत. बस उभी होती. बहिणीनं दारातच विचारलं, "पहिले जाऊन येतं काय?" आणि दोघी हसलो. मी आठवडाभर राहिले. शेवटच्या दिवशी तिनं कामवालीकडून बेसनवड्यांची झणझणीत पातोडीची भाजी करवली. मी नाही म्हटलं नाही.

अकोल्यात आल्यावर दोन दिवस कळवळले. डॉक्टरीणबाईनं विचारलं, "आता हे कशानं?"

"बहिणीकडची पातोडी."

"राहिलात किती दिवस?"

"आठवडाभर."

"तिकडे असताना दुखलं?"

"थोडंथोडं. बसता येत होतं तिच्याजवळ."

"मग पुढच्या वेळी भाजी फिकी करायला सांगा," ती म्हणाली, आणि गोळ्या तशाच चालू ठेवल्या.