पंच्याऐंशीवर अडलेल्या ताई

नणंदेचं वजन उतरावं म्हणून माझ्याइतक्या मनापासून वाट पाहणारी भावजय दुसरी कुणी असेल, असं मला वाटत नाही. एरवी असली इच्छा मनात आली तर बाई ती मनातच ठेवते, नाहीतर फार तर शेजारणीला सांगते. माझ्या बाबतीत ती डॉक्टरांनी कागदावर लिहून दिली होती. 'ऐंशी किलोच्या आत.' खाली सही आणि शिक्का.

झालं होतं असं, की माझ्या नवऱ्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीनदा तो चार-चार तास मशीनला जोडून पडायचा आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. किडनी द्यायला पहिल्यांदा मी गेले, पण माझ्या रक्तातल्या साखरेनं मला दारातूनच परत पाठवलं. उरल्या त्याच्या थोरल्या बहीण, आमच्या ताई. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं, चोपन्नाव्या वर्षी हृदय ठणठणीत निघालं. फक्त वजन शहाण्णव. एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी काढणं त्याच्याच जिवाला धोक्याचं, असं डॉक्टर म्हणाले.

"मग वजनासकट घ्या की," ताई म्हणाल्या. "मला काही परत नकोय."

डॉक्टर हसले नाहीत. ताईंच्या विनोदाला न हसणारा माणूस ताई फार मनावर घेतात. त्या कागद घेऊन उठल्या आणि दारातून म्हणाल्या, "सोळा किलो ना? एवढंच ना? माझ्या कँटीनमध्ये सोळा किलो कांदा चहाच्या आधी चिरून होतो."

ताई बल्बच्या कारखान्यात कँटीनच्या मुख्य स्वयंपाकीण. सहाशे माणसांचं दुपारचं जेवण. भांडी घासण्यापासून सुरुवात करून तीस वर्षांत त्या मोठ्या शेगडीपर्यंत पोचल्या, आणि एकदा पोचल्यावर तिथून कुणाला फिरकू दिलं नाही. मागच्या गल्लीत एकट्या राहतात, पण आमच्या घरात त्यांचा आवाज त्यांच्या आधी येतो. लग्नानंतर पहिली पाच वर्षं मी त्यांना घाबरत होते, पुढची पाच वर्षं चिडत होते, आणि त्यानंतर सवय झाली. आता त्यांची एक किडनी हवी होती म्हटल्यावर मी काय चिडणार?

मी कपडे दुरुस्तीचं दुकान चालवते. नवीन काही शिवत नाही. लोकांच्या अंगावरचेच कपडे आत घेते नाहीतर सोडते. कपडा आत घेताना दोन बोटं कापड शिवणीत दडवून ठेवायची आमच्या धंद्यात पद्धत आहे. माणूस पुन्हा भरला, की टाके उसवून तेच कापड बाहेर काढता येतं. ताई पाच महिन्यांत शहाण्णववरून पंच्याऐंशीवर आल्या. गोड सोडलं, रात्रीचा भात सोडला, रोज कारखान्याच्या कुंपणाला चार फेऱ्या घातल्या. त्यांचे कामाचे पांढरे कोट मी तीनदा आत घेतले. पण दोन बोटांची ती पद्धत ताईंना पसंत नव्हती.

"काप ते," त्या म्हणाल्या. "परत फुगायची सोय कशाला ठेवतेस?"

मी कापलं. त्याच आठवड्यात नवऱ्याच्या पँटीही मी तिसऱ्यांदा आत घेतल्या. त्याचं कुणी कौतुक केलं नव्हतं, तो आपला नुसताच झडत चालला होता. त्याच्या शिवणीतलं मी एक सूतही कापलं नाही. शिवण जाड झाली, त्याला बसताना टोचायची, तरी नाही.

आणि मग ताई पंच्याऐंशीवर अडल्या.

दर रविवारी सकाळी त्या आमच्याकडे यायच्या आणि पॅसेजमधल्या काट्यावर उभ्या राहायच्या. नवरा खुर्चीतून मान लांब करायचा, मी स्वयंपाकघराच्या दारात. पंच्याऐंशी. पुढच्या रविवारी पंच्याऐंशी. तिसऱ्या रविवारी पंच्याऐंशी आणि शंभर ग्रॅम. "तिथं घर बांधलंस की काय, ताई?" नवरा म्हणाला. त्या दिवसांत तो एवढाच बोलायचा, म्हणून ताईंनी ऐकून घेतलं.

चौथ्या रविवारी त्यांनी काट्यावरच संशय घेतला. कँटीनमधून साखरेची दहा किलोची सीलबंद पिशवी खांद्यावर टाकून आणली आणि काट्यावर ठेवली. काटा दहा म्हणाला. ताईंनी पिशवीकडे असं पाहिलं, जणू तीच फितूर झाली आहे. मग त्यांनी दुपारचं जेवण निम्मं केलं, चहा कोरा केला, चार फेऱ्यांच्या सहा केल्या. वजन जिथल्या तिथं. फक्त राग वाढला. कारखान्यातल्या एका फोरमननं पानात भाजी टाकली म्हणून त्यांनी त्याला त्याच्या माणसांसमोर असं झापलं, की तो दुसऱ्या दिवशी डबा घेऊन आला.

इकडे नवऱ्याच्या हातातली नस, जिच्यातून मशीनला रक्त जायचं, ती दुसऱ्यांदा बंद पडली. फार महिने थांबता येणार नाही, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले. त्यांना वाटलं, मी ताईंना समजावीन. मी! मला ताईंचा राग यायला लागला होता, आणि त्या रागाची लाजही वाटत होती. जी बाई आपल्या पोटातला अवयव काढून द्यायला उभी आहे, तिच्या ताटाकडे मी चोरून बघत होते. चोरून खात असतील, असंसुद्धा माझ्या मनात आलं. आलं ते आलं, आता नाकारून काय उपयोग?

हॉस्पिटलच्या आहारतज्ज्ञ बाई अंगानं इतक्या बारीक, की ताईंनी पहिल्या भेटीत त्यांना जेवायलाच बोलावलं होतं. त्यांनी ताईंची वही तपासली. तोंडात जाईल ते लिहायचं, असं ठरलं होतं, आणि ताईंनी अर्धं बिस्किटसुद्धा लिहिलं होतं.

"असं होतं," त्या म्हणाल्या. "शरीर हलकं झालं, की त्याला कमी पुरतं. रोजच्या चालण्याचीही सवय होते, त्यात पहिल्यासारखं खर्च होत नाही. आपण बदलू थोडं. पण या वहीत सगळं आहे ना?"

"सगळं," ताई म्हणाल्या. आणि मी सांगते, त्या खोटं बोलत नव्हत्या.

दोन दिवसांनी दुरुस्त केलेला कोट द्यायला मी कँटीनमध्ये गेले. अकरा वाजले होते. पाच मोठी पातेली शेगड्यांवर, वाफेनं समोरचं धड दिसत नव्हतं. "बस तिथं, जेवूनच जा," म्हणून ताईंनी मला स्टुलावर बसवलं. त्यांनी रश्श्यात पळी बुडवली, फुंकर घातली, पळी तोंडाला लावली. मीठ टाकलं. पुन्हा पळी. मग सूप. मग भाजी, तळव्यावर घेऊन. मग भाताची दोन शितं नव्हे, चांगला लाडूएवढा घास, "शिजलाय का बघू." मग पुन्हा रस्सा, कारण मधे तिखट पडलं होतं.

माझ्या पर्समध्ये दुकानातला खडू होता. मी मांडीवरच्या पिशवीवर एकेक रेघ मारायला लागले. दीड वाजेपर्यंत एकेचाळीस झाल्या. साडेअकराला ताईंनी वहीत डोकं घालून लिहिलं होतं, 'अर्धा कप कोरा चहा.'

संध्याकाळी त्या सुटेपर्यंत मी थांबले आणि बसथांब्यावर म्हटलं, "ताई, एक गोष्ट वहीत नाही."

"काय नाही?"

"चव बघता ते."

त्या थांबल्या. "चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. ते काम आहे. तू गिऱ्हाइकाची पँट आत घेतेस, म्हणजे ती घालून फिरतेस का?"

"एकेचाळीस वेळा, ताई."

हे बोलायला नको होतं. आकडा ऐकल्यावर त्यांना पिशवीवरच्या रेघा दिसल्या. त्यांचा चेहरा पडला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "माझे घास मोजायला आली होतीस होय?" एवढंच हळू म्हणाल्या आणि आलेल्या बसमध्ये चढून गेल्या. त्या रविवारी त्या आल्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं, तर मी म्हटलं, कामात असतील. काटा पॅसेजमध्ये रिकामा पडून होता आणि मला झोप लागत नव्हती. नवऱ्याला वाचवायचं सोडून मी त्याची एकुलती एक किडनीवाली बहीण घालवून बसले होते.

बुधवारी दुपारी ताई दुकानात आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा, झाकण बांधलेला. कापडं बाजूला सारून त्यांनी तो माझ्या कटिंगच्या टेबलावर ठेवला.

"उघड."

उघडला. रस्सा, भात, भाजी, सूप, वरून काहीतरी गोड, सगळं एकात एक, जनावरांपुढंही कुणी ठेवणार नाही असं. काठोकाठ.

"आज जेवढ्या वेळा चव बघितली, तेवढ्या वेळा तेवढंच यात टाकलं," ताई म्हणाल्या. "हे माझे अकरा ते तीन." त्या स्टुलावर बसल्या आणि डब्याकडे बघत राहिल्या. "दोन माणसं जेवतील गं यात. इतकी वर्षं मी रोज दोन माणसांचं जेवत होते, आणि वर माझं ताट वेगळं."

मग त्या हसायला लागल्या, आणि मीही. हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तो वाट बघतोय आणि मी चव बघतेय," त्या म्हणाल्या.

त्यानंतर जे झालं ते ताईंना अकरा किलोंपेक्षा जड गेलं. चव बघायची पळी त्यांनी हाताखालच्या बाईंना दिली. या बाई पंधरा वर्षं कँटीनमध्ये भाजी चिरत होत्या, आणि त्यांना मिठाचं काही कळत नाही, हे ताईंनी साऱ्या कारखान्याला पटवून दिलं होतं. पहिल्या दिवशी ताई पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. त्यांना खात्री होती, सहाशे माणसं ताटं आपटणार. एकानंही आपटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो फोरमन परत आला आणि जाताना म्हणाला, "आज रस्सा झकास झालाय, ताई."

"उपाशी राहणं सोपं होतं," त्या रात्री ताई मला फोनवर म्हणाल्या. "हे ऐकणं नाही सोपं."

आहारतज्ज्ञ बाईंनी उलट त्यांचं खाणं वाढवलं. सकाळी उपाशी धावपळ करायच्या ऐवजी दोन अंडी, दुपारी पोटभर डाळ आणि भाजी, म्हणजे चारला जीव कासावीस होणार नाही. व्यायाम शिकवणारे पांढऱ्या मिशांचे गृहस्थ म्हणाले, की फेऱ्या दोनच घाला, पण आठवड्यातून तीन दिवस वजनं उचला, स्नायू झिजता कामा नयेत. ताईंना ते अपमानास्पद वाटलं. ज्यांनी उभा जन्म पातेली उचलली, त्यांनी आता रंगीत डंबेल्स उचलायच्या? "शेवटचं पातेलं कधी उचललंत?" गृहस्थांनी विचारलं. ताई आठवत बसल्या. मुख्य झाल्यापासून त्या फक्त बोट दाखवत होत्या.

दोन आठवडे काटा ढिम्म हलला नाही. तिसऱ्या रविवारी चौऱ्याऐंशी आणि दोनशे. नवरा खुर्चीतून उठून भिंतीला धरून पॅसेजपर्यंत आला आणि आकडा स्वतः वाकून बघून गेला. मग त्र्याऐंशी. मग एक रविवार पुन्हा तिथंच, त्या वेळी कुणी घर बांधल्याची चेष्टा केली नाही. अकराव्या रविवारनंतर हॉस्पिटलच्या काट्यावर ताई चपला, चष्मा, घड्याळ, रुमाल सगळं माझ्या हातात देऊन चढल्या आणि श्वास रोखून उभ्या राहिल्या. श्वासाचं वजन होत नाही, असं नर्स म्हणाली. एकोणऐंशी आणि सहाशे.

ऑपरेशन व्यवस्थित झालं. शुद्धीवर आल्यावर ताईंनी आधी भावाची चौकशी केली, आणि मग किडनीचं वजन किती असतं ते विचारलं. "दीडशे ग्रॅमच्या आसपास," डॉक्टर म्हणाले. "बघा," ताई पडल्या पडल्या म्हणाल्या, "एका दिवसात दीडशे. उगाच अकरा रविवार घालवले." या वेळी डॉक्टर हसले.

त्याला आता आठ महिने झाले. नवऱ्याला गोळ्या चालू आहेत, आणि त्या गोळ्यांनी भूक खवळते. तो बिनदिक्कत खातो. आधी गाल भरले, मग पोट. आता दर रविवारी ताई काट्यावर त्याला उभं करतात, आणि वही त्याच्या नावाची आहे. "मी नुसती चव बघितली," असं तो परवा बोलून गेला. ताईंनी स्टीलचा डबा आणून त्याच्यापुढं ठेवला.

काल त्याची निळी पँट कमरेत लागेना. तो ओशाळून ती माझ्या मशीनवर टाकून गेला. मी टाके उसवले. आधी तिसऱ्यांदाचे, मग दुसऱ्यांदाचे, मग पहिले. बाहेरचं कापड धुण्यानं फिकं झालं होतं, आणि आत दडवलेलं मात्र दुकानातून आणल्या दिवसासारखं गडद निळं निघालं. मी ते मांडीवर घेऊन किती वेळ रडत होते कोण जाणे. गिऱ्हाईक आलं, तसं डोळे पुसून पुन्हा मशीन चालू केलं.

घरी त्यानं ती घालून बघितली. बरोबर बसली. कडेला वरपासून खालपर्यंत गडद पट्टी दिसत होती.

"विचित्र दिसतंय हे," तो म्हणाला. "लोक हसतील."

"दिसू दे," ताई म्हणाल्या. "घाल तशीच. आणि आत आता किती उरलंय गं?"

"काहीच नाही," मी म्हटलं.

"मग उद्यापासून वजनं उचलायला सुरुवात कर," ताई त्याला म्हणाल्या, आणि आज सकाळी तीच पँट घालून तो कामावर गेला.