मले मालेले जाऊ द्या

“परत एकदा म्हण,” साहेब म्हणाले आणि मोबाईल माझ्या तोंडासमोर धरला. शेजारी त्यांचे पुण्याचे पाहुणे हसायला तयारच बसले होते.

माझा उजवा हात ओल्या फडक्यात गुंडाळलेला. मालदीवच्या त्या बेटावरच्या हॉटेलात मी लाँड्रीत होतो. चादरींच्या प्रेसमध्ये हात भाजला होता, आता बोटांत पू झाला होता. दवाखाना राजधानीत, मालेला. साहेब हॉटेलचे मॅनेजर; त्यांनी हो म्हटल्याशिवाय कामगारानं बेट सोडायचं नाही. माझा कामाचा परवाना त्या एका हॉटेलपुरता. न विचारता गेलं की साहेब सरकारला ‘पळाला’ म्हणून कळवायचे. मग परवाना रद्द, घरी रवानगी.

मी एवढंच म्हटलं होतं, “साहेब, मले मालेले जाऊ द्या. हात सुजून राह्यला.”

गोंडपिपरीकडे आम्ही ‘मला’ला ‘मले’ म्हणतो. साहेबांना ते ‘मले मालेले’ इतकं आवडलं की हाताचं राहूनच गेलं. “हीसुद्धा मराठीच बरं का,” ते पाहुण्यांना म्हणाले. “जंगलातली.”

मी परत म्हटलं. साहेब आणि पाहुणे हसले. हळू म्हणायला लावलं, तेही म्हटलं. आमच्याकडचाच, बल्लारपूरचा रफीक सरबताचा ट्रे घेऊन उभा होता, तोही हसला. त्याचाही परवाना साहेबांच्या हातात, न हसून करतो काय. त्याचा राग आला नाही. किळस आली ती स्वतःची. ज्या बोलीत माय मला जेवायला हाक मारते, तिचा मी तमाशा करत होतो.

“अजून एकदा. कॅमेऱ्यात बघून.”

“नाई म्हणत.”

“मग माले विसर.”

“पुसून नाई राह्यलो तुमाले. सांगून राह्यलो. मी चाललो.”

धक्क्यावर एक कोळी मासे देऊन परत निघाला होता. त्यानं माझा हात पाहिला आणि होडीत सरकून जागा दिली.

उशीर झाला होता. डॉक्टरांनी दोन बोटं काढली. परवानाही गेला. घरी आलो तर मोठा भाऊ म्हणाला, “अजून एकडाव म्हटलं असतं त काय जात होतं तुयं?”

उद्या एजंट तिकडच्या हॉटेलांसाठी आमच्या गावात पोरं गोळा करायला येतोय. जाऊ नका, असं मी पोरांना म्हणणार नाही. इथं तरी काय ठेवलंय? पण हात भाजला तर दवाखान्यात कोण नेईल, हे मी त्याला सगळ्यांसमोर विचारणार आहे. माझ्याच बोलीत. त्याला हसायचं तर हसू दे. उत्तर दिल्याशिवाय त्याला गाव सोडता येणार नाही.