झाकणबाई आणि भाजलेले खडे

बिस्किटांच्या कारखान्यात सगळे तिला झाकणबाई म्हणत. नाव नवऱ्यानं घरी ठेवलेलं. एकदा तिला डबा द्यायला आला तेव्हा फाटकाशी बोलून गेला आणि ते तिथंही चिकटलं. तिचं म्हणणं एवढंच, की डबा उघडला तर लावावा. नवरा म्हणे, "लावतो गं, पळून चाललंय का काही?" आणि लावत नसे. एकोणीस वर्षं.

बारा वर्षं ती पॅकिंगमध्ये होती. मग मागच्या शेडमध्ये गॅसची भट्टी आली. तिच्या धगीपुढं उभं राहायला कुणी तयार होईना, तेव्हा ही गेली. लाकडाचे तुकडे बंद भट्टीत जेमतेम हवेवर तापवायचे आणि निघालेला गॅस बिस्किटांच्या ओव्हनला द्यायचा. अडचण डांबराची. गॅसबरोबर तेही येतं आणि पाइपात थंड होऊन बसतं. म्हणून गॅस आधी तापलेल्या पांढऱ्या खड्यांच्या थरातून न्यायचा. तिथं डांबर फुटून त्याचाही गॅस होतो. इंजिनिअर त्या खड्यांना उत्प्रेरक म्हणत, ती खडेच म्हणे. ते भाजून आलेले असत आणि हवेतली ओल अशी पीत, की उघडे राहिले तर त्यांचा चुरा होई. हवाबंद पिंपावर तिनं खडूनं लिहून ठेवलं होतं: झाकण काढू नये, बघायलासुद्धा.

मालकांनी शब्द दिला होता. भट्टी शंभर तास न थांबता चालली, तर ओव्हनचा डिझेलवरचा बर्नर निघेल आणि शेड तिच्या ताब्यात येईल. नाहीतर भट्टी बंद आणि ती परत पॅकिंगला.

तिनं आणि आणखी दोघांनी पाळ्या लावून भट्टी चालवली. पन्नासाव्या तासाला ती घरी झोपायला गेली असताना मॅनेजर पाहुणे घेऊन आले. खडे छान दिसतात म्हणून त्यांनी पिंप उघडलं, ट्रेमध्ये मांडून दाखवले, परत भरले आणि झाकण नुसतं वर ठेवलं. झाकणाभोवतीची पट्टी आवळली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं रोजच्यासारखे ताजे खडे थरावर ओतले. झाकण जागेवर दिसत होतं, खडे पांढरेच होते. पट्टी सैल लागली, पण दुसऱ्या पाळीतला आवळायला विसरला असेल असं ती समजली. हातमोजा काढून एक खडा दाबून बघायची तिची सवय. त्या दिवशी घाई होती.

एक्याऐंशीव्या तासाला थरात पीठ झालं. गॅस अडला, ओव्हनची आच गेली आणि पट्ट्यावर कच्ची बिस्किटं फिरत राहिली.

पट्टी कुणी सोडली ते दुसऱ्या पाळीतल्यानं सांगितलं. मॅनेजरनी अहवाल लिहून आणला. कारण: चालकाची चूक. सही करा म्हणाले.

"माझी चूक आहेच," ती म्हणाली. "मी खडा दाबून बघितला नाही. ते लिहा. त्याच्या वर झाकणाचं लिहा."

"पाहुण्यांना कशाला मध्ये ओढता, बाई?"

"पाहुण्यांना नाही ओढत. तुम्हाला ओढतेय."

तिनं सही केली नाही. तिच्या सहीवाचूनही अहवाल वर गेला. सोमवारपासून ती पॅकिंगमध्ये. शेजारणीनं विचारलं, तिकडं काय शिकलीस? ती म्हणाली, "खडू वाया घालवायला."

त्या संध्याकाळी तिनं चहा केला आणि साखरेचा डबा उघडाच ठेवून बसली. नवरा बराच वेळ डब्याकडं बघत होता. मग उठला, झाकण लावलं, आणि नीट बसलं का ते दाबूनही पाहिलं.

तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"आता लावतोयस?" ती म्हणाली आणि उठून आत निघून गेली.